घरतांची रिकामी फांदी

भगवान घरत गव्हाणात शिंकले की उलव्यातली कुत्री उठून बसायची. आवाजच तसा होता. त्यामुळे त्या हळदीच्या मांडवात डीजे दणाणत असतानाही ते जे बोलले ते चारशे माणसांना ऐकू गेलं, आणि जी चार ऐकायची राहिली त्यांना बाकीच्यांनी सांगितलं.

झालं होतं असं. मांडवात बुधाजी घरत जेवायला बसला होता. मटणाचा रस्सा भातावर ओतता ओतता तो म्हणाला, "भगवान्या, धाकट्या पातीनं जरा मागं सरकून बसावं. पानं वाढायला जागा लागते."

भगवानच्या हातातला घास हातातच राहिला.

गव्हाणच्या गावदेवीची पालखी चैत्रात निघते आणि पहिली थांबते ती घरतांच्या थोरल्या पातीच्या दारात. घरतांच्या पात्या, म्हणजे शाखा, दोन. जोमा घरत म्हणून एक मिठागरवाला होऊन गेला, त्याचे मुलगे धर्मा आणि पोशा. धर्माचा नातू भगवान, पोशाचा नातू बुधाजी. आता धर्मा थोरला की पोशा थोरला, हे सांगणारं कोणी उरलं नव्हतं. पण पालखी बुधाजीच्या बापापासून बुधाजीच्या दारात आधी थांबत आलेली, आणि का, असं कोणी विचारलं की बुधाजीचा बाप असा काही खोकायचा की विचारणारा पाणी आणायला धावायचा. भगवानची बायको वेणू लग्न होऊन आली त्या वर्षापासून खणानारळाचं ताट घेऊन दारात उभी राहायची आणि पालखी समोरच्या दारातून हळदकुंकवानं माखून आली की मग देवीची ओटी भरायची. चाळीस वर्षं. तक्रार म्हणून तिनं कधी केली नाही. फक्त दरवर्षी म्हणायची, "आपला नारळ देवी दुसरा खाते. पोट भरल्यावर."

तर भगवान ताटावरून उठले आणि म्हणाले, "थोरली पाती माजी हाय. चैत्राच्या आत लेखी पुरावा आणतो. नाय आणला तर जन्मात पालखीला खांदा देणार नाय."

डीजे नेमका त्याच क्षणी गाणं बदलायला थांबला होता. गावकीच्या पंचांनी हात धुता धुता मान डोलावली. झालं. बोललेलं परत घेता येईना.

पनवेलच्या घरी येईपर्यंत भगवानला कळलं की आपण काय पणाला लावून बसलो. खांदा हा भगवानचा जीव की प्राण. गेली बेचाळीस वर्षं पालखीचा पुढचा दांडा त्यांच्या उजव्या खांद्यावर असायचा आणि मागचा बुधाजीच्या. त्या खांद्याला एवढा घट्टा पडला होता की शिंपी सदऱ्याला उजवीकडे दोन बोटं कापड जास्त घ्यायचा. आणि लेखी पुरावा? घरात लेखी म्हणाल तर विजेचं बिल होतं.

"बाबा, मी शोधते," सून म्हणाली.

सुनेचं नाव कादंबरी. पुण्याची पोर, इथं एका कॉलेजच्या लायब्ररीत नोकरीला. माहेरी तिनं मामाच्या घराण्याचा अख्खा कुलवृत्तांत लावून दिला होता, अकरा पिढ्यांचा. त्यात एक पेशव्यांच्या पागेतला मोतद्दार निघाला, त्यानंतर मामांनी घोड्याचं चित्र दिवाणखान्यात लावलं.

"पहिली गोष्ट," कादंबरी वही उघडून म्हणाली, "कागद नंतर. आधी माणसं. घरात सगळ्यात म्हातारं कोण?"

म्हातारी म्हणजे कृष्णाबाई, धर्माची लेक, भगवानची आते. वय ब्याण्णव, नाहीतर एकशे दोन. ती गव्हाणला ओसरीत सुकी मासळी निवडत बसली होती. कादंबरीनं फोन रेकॉर्डिंगला लावला आणि सासऱ्याच्या कानात सांगितलं, "बाबा, त्यांना मध्ये तोडायचं नाही. त्या जे सांगतील ते सांगू द्यायचं."

भगवान म्हणाले, "मी कशाला बोलतंय."

"आजी, जोमा घरतांना मुलगे किती?"

कृष्णाबाईनं तीन बोटं वर केली.

भगवाननं पुढं होऊन तिसरं बोट हळूच खाली वाकवलं. "दोन गं आते. धर्मा आनि पोशा." मग सुनेकडे वळून कौतुकानं म्हणाले, "संधिवात हाय तिला. बोट वाकत नाय."

कृष्णाबाईनं आपल्या बोटाकडे पाहिलं, भाच्याकडे पाहिलं. "तुलाच सगला म्हाईत हाय तर मना कशाला इचारतंस," असं म्हणून ती पुन्हा मासळीकडे वळली. त्यानंतर अर्धा तास तिनं जे सांगितलं ते सगळं बोंबलांविषयी होतं.

मग निघाली कागदांची फेरी. आधी शाळा. जुन्या शाळांच्या दाखल-खारीज रजिस्टरात बाप, गाव, जन्मतारीख सगळं सापडतं, असं कादंबरी म्हणाली. सापडलंही. पण त्या काळच्या मास्तरांचा हिशोब साधा होता: पोराला घेऊन बाप आला, तारीख विचारली, बापानं डोकं खाजवलं, की मास्तर १ जून लिहून मोकळे. भगवानचा बाप १ जूनचा. बुधाजीचा बाप १ जूनचा. पुढच्या सहा पानांवर सगळं गव्हाण १ जूनला जन्मलं होतं. भगवानची छाती भरून आली. "काय दिवस असेल तो," ते म्हणाले. "गावात सुईणी किती लागल्या असतील."

आणि आजे, धर्मा आणि पोशा, शाळेची पायरीच चढले नव्हते.

मग तहसील कचेरी. तिथं कोतवाल बुक निघालं, म्हणजे कोतवालानं गावात कोण जन्मलं, कोण मेलं ते टिपून ठेवायची जुनी वही. अक्षर मोडी. ते वाचायला न्यू पनवेलातले कमलाकर टिपणीस आले, पोस्टातून निवृत्त झालेले, दहा दिवसांच्या वर्गात मोडी शिकलेले. मोडीत लेखणी उचलायची पद्धत नाही, आणि टिपणीसांचं वाचन सुरू झालं की त्यांनाही श्वास घ्यायची पद्धत नव्हती. एका दमात त्यांनी गव्हाणातली साठ बाळंतपणं वाचली. शेवटी सन १८९८ ला थांबले.

"जोमा नामा घरत. पुरुष जातीचं मूल एक."

"नाव?" भगवान खुर्चीतून अर्धे उठले.

"नाव नसतं हो. जन्मलं त्या दिवशी बारसं झालेलं नसतं. कोतवाल काय लिहिणार?" त्यांनी पानं उलटली. "हे १९०१. जोमा नामा घरत. पुरुष जातीचं मूल एक."

म्हणजे दोन भाऊ नक्की, तीन वर्षांचं अंतर नक्की, आणि कोण आधी कोण नंतर ते देवाला ठाऊक. भगवानला त्या कोतवालाचा असा राग आला की तो हयात असता तर त्यांनी त्याला जेवायला बोलावून फक्त वरणभात वाढला असता.

"१८९५ च्या आधीची वही वाळवीनं खाल्ली आहे," टिपणीस म्हणाले.

"तिचा आपल्याला काय उपेग," भगवान म्हणाले. कादंबरीनं मात्र वहीत लिहून ठेवलं: १८९५ आधी, माहीत नाही.

चैत्र बारा दिवसांवर आला. वेणूनं खण आणून ठेवला होता, हिरवा, मोराचा. भगवान त्याच्याकडे बघायचे टाळत होते.

"एक जागा राहिली," कादंबरी म्हणाली. "त्र्यंबकेश्वर. तुमच्या घराण्यातलं कोणी कधी विधी करायला गेलं असेल तर तिथल्या उपाध्यांच्या चोपडीत नाव असणार. गाववार, आडनाववार. आणि आलेला माणूस नुसतं स्वतःचं नाव सांगत नाही. बाप, आजा, भाऊ, मुलगे, सगळी उतरंड सांगतो."

सासरा आणि सून भल्या पहाटे निघाले आणि दहाला त्र्यंबकला पोचले. उपाध्ये मांडी घालून बसले होते. त्यांनी दोनच प्रश्न विचारले, आडनाव आणि गाव, आणि आत जाऊन लाल फडक्यात बांधलेली चोपडी घेऊन आले. भगवान पाहतच राहिले. गव्हाणात जे दीडशे माणसांना माहीत नव्हतं ते इथं सह्याद्रीच्या पलीकडे फडक्यात बांधून ठेवलं होतं.

"हे बघा. शके १८४८. जोमा नामा घरत, मौजे गव्हाण, तालुके पनवेल, यांचे उत्तरकार्यासाठी पुत्र आले." उपाध्यांचं बोट ओळीवरून सरकलं. "दुसरे, धर्मा. तिसरे, पोशा."

"धर्मा आधी," भगवान ओरडले. मंदिराकडची कबुतरं उडाली. त्यांनी उपाध्यांचे पाय धरले, मग सुनेचे धरायला निघाले, तिनं पाय मागे घेतले. "धर्मा थोरला. माजा आजा थोरला. लिवलंय."

"बाबा," कादंबरी हळूच म्हणाली, "दुसरे धर्मा, तिसरे पोशा. मग पहिले कोण?"

उपाध्यांनी बोट एक ओळ वर नेलं. "पहिले, चांगा. ज्येष्ठ पुत्र. सध्या राहणार आपटे, सासुरवाडीस, घरजावई." खाली तीन अंगठे उठवलेले होते, शाईचे, शेजारी शेजारी.

भगवानच्या डोळ्यांसमोर एक वाकडं न होणारं बोट उभं राहिलं.

"आणि इथं," उपाध्ये पान उलटून म्हणाले, "तुमच्यातलेच एक आठ वर्षांपूर्वी आले होते. वडिलांच्या विधीला. त्यांनी ही नोंद माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. सही आहे बघा."

सही होती. बुधाजी घरत. खाली ठळक रेघ.

परतीच्या वाटेवर भिवंडीपर्यंत भगवान चोपडीच्या पानाचा फोटो फोनवर मोठा करून बघत होते.  मग म्हणाले, "आठ वर्सां. आठ वर्सां तो मेला सगला म्हाईत असून पयला नारळ घेतोय."

"आता तुम्हालाही माहीत आहे," कादंबरी म्हणाली.

भगवाननं फोन खिशात घातला.

"आणि एका कागदावर विसंबायचं नसतं. दुसरा पुरावा बघू. आपट्यात कोण आहे ओळखीचं?"

"कोन नाय. तो कल्पेश, बेंजो पार्टीवाला. दरसाल पालखीपुढं वाजवायला येतो तो."

"त्याचं आडनाव काय?"

"घरत," भगवान म्हणाले आणि स्वतःच दचकले. "पन घरत काय, ढिगानं हायत."

पनवेलला न थांबता ते पळस्प्यावरून तसेच आपट्याला गेले. कल्पेश अंगणात टेंपोवर कर्णे चढवत होता. त्याची आई दमयंती, पार्टीची गाणारी, तिचा आवाज पाताळगंगेच्या दोन्ही काठांना ऐकू जायचा. तिनं पाहुण्यांना पाणी दिलं. पाणी दिलं ते पितळी हंड्यातून बुडवून. तो हंडा भगवानच्या ओळखीचा होता. दरसाल टेंपोत असायचा, आणि गाणी संपली की भगवान स्वतः त्यातून दोन तांबे पाणी प्यायचे. बेचाळीस वर्षांत एकदाही त्यांनी त्याच्या गळ्याखाली बघितलं नव्हतं. कादंबरीनं बघितलं. लग्नाकार्यात दिलेलं भांडं चुकून दुसऱ्याच्या घरी राहू नये म्हणून लोक नाव घालून घेतात, तसं ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं होतं.

जोमा नामा घरत. गव्हाण. सन १९११.

"हा कुठला हंडा, काकू?"

"सासरच्यांचा हाय," दमयंती म्हणाली. "ह्या कल्पेशचा पणजा कुठून घेऊन आला म्हनतात. आनि सांगून गेला, गव्हाणच्या देवीची वाजवायची सुपारी कवा सोडू नका. का ते आमाला नाय म्हाईत. आमी नाय सोडत."

भगवाननं तांब्यातलं पाणी संपवलं, आणखी एक मागितला, आणि गाडीत जाऊन बसले.

गावकीपुढं त्यांनी फोनवरचा फोटो दाखवला. वरची ओळ कापलेला. दुसरे धर्मा, तिसरे पोशा. पंचांनी चष्मे पुसून वाचलं.

"हे दुसरं आनि तिसरं काय?" एकानं विचारलं.

"पयला बाप," भगवान म्हणाले. "जोमा. मग दुसरा धर्मा."

हे ऐकून बुधाजीचं तोंड उघडलं. मग मिटलं. मग परत उघडलं. त्याला ओरडून सांगायचं होतं की हे खोटं आहे, वर एक ओळ आहे. पण ती ओळ मला कशी माहीत, हे त्याला सांगता येणार नव्हतं. तो लाल झाला, जांभळा झाला, आणि शेवटी बापासारखा खोकू लागला. भगवान स्वतः उठून त्याच्यासाठी पाणी घेऊन आले.

पंचांनी निर्णय दिला. या वर्षी पालखी पहिली भगवानच्या दारात.

भगवाननं वेशीवर वीस फुटांचा फ्लेक्स लावायचा ठरवलं. घरतांचा वंशवृक्ष. बुंध्याशी जोमा, कारण जोमाचा फोटो नव्हता म्हणून बुंध्याशी भगवानचाच फोटो, गॉगल लावलेला. फांद्या कादंबरीनं काढून दिल्या. फ्लेक्स उलगडला तेव्हा भगवान बघतच राहिले. फांद्या तीन होत्या. तिसरी सगळ्यात जाड, सगळ्यात खालून फुटलेली, आणि तिच्यावर एकही नाव नाही.

"पोरी, ही कशाला?"

"खोटं मी लिहिणार नाही, बाबा. तुम्ही सांगताय म्हणून नाव घातलं नाही. पण फांदी कापायची असेल तर तुमच्या हातानं कापा. ही घ्या कात्री."

वीस फुटी फ्लेक्स कात्रीनं कापायचा म्हणजे गॉगलवाला भगवानही अर्धा जाणार होता. फांदी राहिली. लोक येऊन विचारायचे, ही कोणाची? भगवान म्हणायचे, "शोभेची हाय."  गुपित ठेवायला त्यांच्या पोटात जागा भरपूर होती, पण त्याला बाहेर पडायला दार नव्हतं. एकदा तर झोपेत ते "चांगा" असं ओरडले. वेणूनं विचारलं, काय चांगा? ते म्हणाले, चांगला, चांगला नारळ बघून घे.

पालखीचा दिवस उजाडला. देवीला चांदीचा मुखवटा, पालखीला झेंडूची झालर. पुढं कल्पेशचा टेंपो, त्यावर सोळा कर्णे, मध्ये माईक धरून दमयंती, कोपऱ्यात पितळी हंडा. मागं पालखी. पुढचा दांडा भगवानच्या उजव्या खांद्यावर, मागचा बुधाजीच्या. गुलाल एवढा उडाला की विमानतळाच्या बाजूनं आलेले बगळे गुलाबी होऊन परत गेले.

पिंपळाशी तीन वाटा फुटतात. डावीकडे बुधाजीचं घर, उजवीकडे भगवानचा गावाकडचा बंगला, आणि सरळ गेलं की खाडीचा बांध. उजवीकडे वेणू दारात उभी होती, हिरवा खण, नारळ, तांदूळ, डोळे पालखीवर.

भगवान उजवीकडे वळले. पालखी वळली नाही.

त्यांनी जोर लावला. बेचाळीस वर्षांचा घट्टा रुतला, तरी पालखी डावीकडे झुलली, मग उजवीकडे, मग परत मध्ये. "देवी जड झाली," कोणीतरी म्हणालं आणि बायकांनी हात जोडले. आणि मग पालखी निघाली. सरळ. टेंपोच्या अंगावर.

कल्पेशनं आरशात बघितलं तर देवी आपल्या दिशेनं धावत येतेय. त्याला वाटलं, गाणं चुकलं. त्यानं गाणं बदललं. पालखी आणखी जोरात आली. त्यानं टेंपो पुढं काढला, पालखी मागं. त्यानं वेग वाढवला, पालखीनंही वाढवला. दमयंती एका हातानं माईक आणि एका हातानं कर्णा धरून गातच होती, कारण सुपारी घेतलेलं गाणं मध्ये सोडायचं नसतं. मागून सगळं गव्हाण पळतंय, पंच पळतायत, धोतरं सुटतायत, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या दोन म्हाताऱ्या सगळ्यांच्या पुढं.

"मागनं ढकलू नको," भगवान मान न वळवता ओरडले.

"मी कुठं ढकलतंय, तूच वढतंस," मागून बुधाजी.

"मी वढत नाय."

"बरा मंग, मी ढकलतंय. तुज्या दारात पयली जान्यापेक्षा टेंपोच्या दारात गेलेली बरी."

"आठ वर्सां गप होतास."

"तू बारा दिस गप हायस ना."

बांधाच्या टोकाला टेंपोचं मागचं चाक चिखलात रुतलं. टेंपो थांबला, गाणं थांबलं. पालखी टेंपोच्या फाळक्यापाशी येऊन उभी राहिली, आणि खाली ठेवल्यासारखी हलकी झाली. भगवाननं नंतर हजार वेळा शपथेवर सांगितलं की आपण शेवटपर्यंत उजवीकडेच ओढत होतो.

पुजारी धापा टाकत आला. "हे कोनाचं दार?"

 बुधाजी जमिनीकडे बघत होता. भगवाननं एकदा लांब आपल्या बंगल्याकडे बघितलं. वेणू ताट सांभाळत, पदर खोचून धावत येत होती. आता एवढंच म्हणायचं होतं की वाट चुकली, मागं फिरा. मग त्यांना फाळक्याआड हंडा दिसला.

आणि भगवानच्या पोटाला दार फुटलं.

"दार बरोबर हाय," ते म्हणाले, आणि उलव्याच्या कुत्र्यांनी कान टवकारले. "हंड्यावरचं नाव वाचा. जोमाचे मुलगे तीन. चांगा थोरला. घरजावई गेला म्हनून आमी त्याला इसरलो. ही त्याची नातसून, हा पनतू. मना ठाव होतं. मी ओळ कापली. बुधाजीला पन ठाव होतं, पन तो खोकला."

पुजाऱ्यानं हंडा वाचला. पंचांनी वाचला. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी हात फिरवून बघितला. कृष्णाबाई कोणाच्या तरी स्कूटरवर मागं बसून पोचली होती. तिनं हात वर केला, तीन बोटं ताठ केली, आणि मग सगळ्यांना दिसेल असं एक एक बोट वाकवून परत सरळ केलं.

"वाकतं," ती म्हणाली. "भगवान, वाकतं रे."

दमयंती टेंपोतून उतरली. एवढी वर्षं ती या देवीपुढं गात आली होती, पण आज तिनं माईक बंद केला. "मी ओटी कशी भरू? माज्याकडं काय नाय. माईक हाय."

वेणूनं धाप टाकत आपलं ताट तिच्या हातात ठेवलं. हिरवा खण, मोराचा. "भरा, जाऊबाई. नारळ बघून घेतलेला हाय," ती म्हणाली. मग नवऱ्याकडे बघून हळूच, "आज उपाशीपोटी खाईल."

ओटी भरली. कल्पेशनं डोळे पुसत बेंजोवर असं काही वाजवलं की चिखलातलं चाक आपोआप सुटलं, असं सांगतात.

मग पालखी दुसऱ्या दाराला निघायची वेळ झाली. चोपडीप्रमाणे दुसरा धर्मा, तिसरा पोशा, म्हणजे बुधाजी पहिल्यावरून एकदम तिसरा. तो मुकाट्यानं मागच्या दांड्याला खांदा द्यायला वाकला.

"जरा मागं सरकून हं," भगवान म्हणाले. "पानं वाढायला जागा लागते."

वेशीवर कादंबरी स्टुलावर चढली होती. हातात काळा मार्कर. तिसऱ्या फांदीवर तिनं चांगा लिहिलं, खाली दमयंती, कल्पेश. मग मान मागं करून तिनं झाडाकडे बघितलं, आणि बुंध्याशी जोमाच्या जागी बसलेल्या गॉगलवर एक छोटं प्रश्नचिन्ह काढून खाली उतरली.